भाऊजींची दाढी

दि. ९ जानेवारी

तीर्थस्वरूप सौ. आक्कास,
धाकट्याचा साष्टांग नमस्कार.

भाऊजी सुखरूप पोचले. तू गाडीमागे अनवाणी धावलीस असं ड्रायव्हर सांगत होता, म्हणून आधी एवढं लिहून टाकतो, बाकीचं मागून. ताप आहे, खोकला आहे, पण स्वतःच्या पायांनी चालत आत आले. खाटेवर बसायच्या आधी त्यांनी खाट हलवून बघितली आणि म्हणाले, "कुठल्या सुताराने केली ही? चार पाय चार दिशांना!" खाट लोखंडी आहे. तेव्हा माणूस ठीक आहे असं समज.

मला त्यांनी आधी ओळखलं नाही. साथ आल्यापासून इथे आम्ही सगळे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पिशवीत बांधलेले असतो. डॉक्टरीणबाई कोण आणि फरशी पुसणारा कोण, पेशंटला कळत नाही. म्हणून मी छातीवर शाईने एक कात्री काढून घेतली आहे. भाऊजींनी ती कात्री पाहिली, मग माझी चाल पाहिली आणि छताकडे बघत म्हणाले, "देवा, मी एवढा का पापी होतो? इथेही मेव्हणाच?" आजूबाजूच्या खाटा हसल्या. हसता हसता खोकल्या, पण हसल्या.

दवाखान्यात न्हाव्याचं काय काम, असं मी निघताना तू विचारलं होतंस. ते आता सांगतो. ज्यांना फार दम लागतो त्यांच्या नाकातोंडावर घट्ट मास्क बसवतात. दाढी असली की मास्क गालाला चिकटत नाही, कडेने हवा निसटते. म्हणून मास्कच्या आधी मी जातो. वस्तरा दिसला की माणसाला कळतं आपली पाळी आली, आणि तो घाबरतो. मग मी बोलत सुटतो. दुकानात गिऱ्हाईक कंटाळू नये म्हणून बोलायचो, इथे हात थरथरू नये म्हणून बोलतो. त्याचाही आणि माझाही.

भाऊजींना मास्क नाही, नाकाला बारीक नळी आहे फक्त. दाढी शाबूत आहे. तिच्यात अजून लाकडाचा भुसा आहे, सिस्टरने आज झटकून काढला. मी नुसता जवळून गेलो तरी ते दाढीवर हात ठेवतात. सगळ्या वॉर्डाला सांगून झालं आहे, "लग्नाच्या सकाळी याच्या हातात हनुवटी दिली होती. रक्ताचा ठिपका घेऊन लग्नाला उभा राहिलो. तेव्हाच ठरवलं, हा जिवंत आहे तोवर दाढी वाढवायची." मी तेव्हा शिकाऊ होतो हे कुणी सांगायचं?

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला इथे ओरडता येत नाही, म्हणून पत्रच बरं. ड्रायव्हर पत्रं फाटकापाशी पत्र्यावर उन्हात ठेवतो आणि मगच नेतो. तेव्हा माझे विनोद तुला वाळलेले मिळतील.

देव पाठीशी आहे.
तुझा
धाकटा


दि. १३ जानेवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. विनोद वाळलेलेच होते, पण चालले.

मी अनवाणी धावले हे साफ खोटं आहे. एका पायात चप्पल होती.

इथे घरात करवतीचा आवाज नाही, तेच फार जाणवतं. आयुष्यभर त्या आवाजाला शिव्या दिल्या, आणि आता सकाळी जाग येते ती शांततेने. अर्धवट कपाट पडवीत उभं आहे, दारं नसलेलं. गिऱ्हाईक भिंतीपलीकडून ओरडून विचारतं, कधी होणार? मी म्हटलं, दाराची एवढी काय घाई, चोर तरी कुठे बाहेर पडतायत हल्ली.

गल्लीच्या दोन्ही तोंडांना बांबू बांधले आहेत. शेजारच्या शिंपिणीशी भिंतीवरूनच बोलते. मला ऐकू येत नाही म्हणून ती ओरडते, ती ओरडते म्हणून मी ओरडते. आमची गुपितं सगळ्या गल्लीला पाठ झाली आहेत. तिचा थोरला, ट्रक चालवतो तो, तुमच्याच वॉर्डात आहे. अंगाने जाडा, हातावर मोर गोंदलेला. त्याचं काही कळलं तर लिही. ती बाई पायाने मशीन चालवते आणि सुईत दोरा नाही हे तिच्या लक्षात येत नाही, अशी गत आहे.

तुझ्या बडबडीला मी आजवर नावं ठेवली, पण आता एक कबूल करते. तू घाबरलास की गप्प होतोस, हे मला माहीत आहे. लहानपणी विहिरीत पडलास तेव्हा ओरडलादेखील नाहीस. दोराला धरून मुकाट लोंबकळत होतास. म्हणून तू बडबड करतोस तोवर मला धीर आहे. तुझं पत्र हसरं आलं की मी दोन घास खाते आणि झोपते.

पण एक ऐक. यांची दाढी गेली तर मला लगेच कळव. बाकी काही लिहू नकोस. 'दाढी गेली' एवढे दोनच शब्द लिही. मी समजेन, आणि कशीही येईन.

यांना म्हणावं, डोक्याखाली उशी घ्या, हात नको. मग मुंग्या येतात आणि चिडचिड दुसऱ्यावर होते.

तुझी
आक्का


दि. २० जानेवारी

तीर्थस्वरूप सौ. आक्कास साष्टांग नमस्कार.

दाढी जागच्या जागी आहे. नुसती जागच्या जागी नाही, तिचा रुबाब वाढला आहे. सिस्टर रोज ती विंचरते आणि रबर लावून शेंडी बांधते. पहाटे डॉक्टरीणबाई फेरीला आल्या आणि शेंडी बघून म्हणाल्या, "आजोबा, हे काय?" भाऊजी म्हणाले, "आजोबा कुणाला म्हणता? ही दाढी माझ्यापेक्षा म्हातारी आहे, तिला आजी म्हणा." तेव्हापासून फेरीत आधी दाढीची चौकशी होते, मग भाऊजींची.

शिंपिणीचा थोरला सापडला. त्याला भाऊजींच्या रांगेतच टोकाची खाट आहे. त्याला बोलायला त्रास होतो, पण दोघांचा खेळ चालतो. डोळे मिटायचे आणि खोकल्यावरून माणूस ओळखायचा. भाऊजी म्हणतात, कोपऱ्यातल्या मास्तरांचा खोकलासुद्धा छडी मारल्यासारखा येतो. थोरल्याची तब्येत मात्र म्हणावी तशी नाही. तिला एवढं सांगू नकोस, किंवा सांग. तुला कळेल ते कर.

भाऊजींचा निरोप आहे की कपाटाला कुणी हात लावायचा नाही. दारं तेच बसवणार. उशीचं सांगितलं, तर म्हणाले, "घरी ती, इथे तिचा भाऊ. माणसाने आजारी पडायचं तरी कुठे?"

अक्षर जरा वाकडं आलं आहे. इथे थंडी फार आहे.

तुझा
धाकटा


दि. २४ जानेवारी

चि. धाकट्यास आशीर्वाद.

मेल्या, किती हसवशील? तुझं पत्र मी भिंतीपाशी उभी राहून मोठ्याने वाचलं. दाढीला आजी म्हणा, हे तर गल्लीत सगळ्यांना इतकं आवडलं की समोरचा म्हातारा आता स्वतःच्या मिशीला काकू म्हणतो.

आज सकाळी गाडी आली. ड्रायव्हर म्हणाला, दवाखान्याने कळवलं आहे, काचेबाहेरून आपलं माणूस बघू देणार आहेत. गाडीत जागा एकच. यादीत वरती पहिलं नाव माझं होतं. मी तयार झाले, केस विंचरले, शाल घेतली. दारात येते तो शिंपीण भिंतीपाशी उभी. काही म्हणाली नाही. म्हणाली असती तर मी भांडले असते. नुसती उभी होती.

मी विचार केला, माझ्या माणसाच्या दाढीला रबर लावून शेंड्या बांधतायत. तिच्या पोराला बोलता येत नाही. आज मी पुढे बसून गेले आणि तिचं पोर गेलं, तर मी तिच्या तोंडाकडे कशी बघू? म्हणून तिला पाठवते आहे. तिच्या अंगावर थंडीचं धड काही नव्हतं, माझी निळी शाल तिला दिली. मास्क तर आमच्या दोघींचे एकाच कापडाचे आहेत, तिनेच शिवलेले.

यांना सांग, रागावू नका, पुढच्या गाडीला मी येते. आणि भेटीला येताना शेंडी बांधलेलीच हवी, मला बघायची आहे.

हे पत्र तिच्याच हाती, त्याच गाडीने देते आहे.

तुझी
आक्का


दि. ६ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप आक्कास साष्टांग नमस्कार.

वर एक अक्षर कमी लिहिलं. आधी सवयीने लिहून गेलो होतो. तो कागद फाडला.

निरोप तुला ड्रायव्हरने सांगितलाच. तो म्हणाला, तू दार लावून घेतलंस. अंत्यविधी इथल्या माणसांनी केला, नियमाप्रमाणे. मला जवळ जाऊ दिलं. मी मोठ्याने देवाचं नाव घेतलं. अंगावरच्या त्या पांढऱ्या पिशवीत स्वतःचाच आवाज कानात घुमतो. ते ऐकत असतील असं वाटलं नाही, पण घेतलं.

आता जे लिहायचं आहे ते लिहितो. भाऊजींची दाढी मी अठरा तारखेलाच काढली होती. दाढीला शेंडी बांधल्याचं मी तुला लिहिलं, तेव्हा दाढी नव्हती.

त्या दिवशी दम फार वाढला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मास्क आत्ता. भाऊजींनी चादर तोंडावर ओढली. सिस्टरने समजावलं, ऐकेनात. मग मला बोलावलं. मी साबणाचा फेस घेऊन उभा राहिलो. त्यांनी चादरीतून एक डोळा बाहेर काढला.

"आलात का मेव्हणे डाव साधायला?"

मी म्हटलं, "भाऊजी, उभा जन्म या दिवसाची वाट बघितली. आज पळून दाखवा."

ते हसले. हसल्यावर श्वास पुरेना, तोंड निळं पडलं. मी घाबरलो, पण गप्प बसलो नाही. गप्प बसलो असतो तर ते घाबरले असते.

"एक अट आहे," म्हणाले. "तुझ्या आक्काला कळवायचं नाही. घरी जाईतो वाढवतो पुन्हा."

"आणि तिने विचारलं तर?"

"तर थापा मार. तुझा धंदाच तो आहे."

मी दाढी काढली. कुठे लागलं नाही. हनुवटीखाली ती लग्नातली खूण तशीच होती, पांढरी. त्यांनी बोटाने चाचपली आणि म्हणाले, "या खेपेला रक्त नाही? मग दाढी केल्यासारखं वाटत नाही बुवा." मग मास्क बसला. नीट बसला, आक्का. कडेने थोडीही हवा गेली नाही. डॉक्टरीणबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

वीस तारखेला मी कागद घेऊन बसलो. तुझे दोन शब्द लिहिले. त्यांच्याकडे बघत राहिलो. भाऊजींना शब्द दिला होता, हे खरं. तू एकटी आहेस, दोन घास खाणार नाहीस, हेही खरं. पण याखेरीज एक कारण होतं, ते तुला सांगायला हवं. कागदावर दाढी लिहीत होतो तोवर ती मला दिसत होती. सिस्टर विंचरते आहे, भाऊजी भांडत आहेत. लिहिता लिहिता मला बरं वाटलं. म्हणून मी लिहीत गेलो. तुला धीर द्यायला लिहितो आहे, असं स्वतःला सांगितलं.

मग त्यांचं जास्तच झालं. मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, माझ्या बहिणीला बोलवा. ज्यांचं फार वाईट आहे त्यांच्याच घरी तो निरोप जात होता, आक्का. म्हणून तुझं नाव वरती होतं.

चोवीस तारखेला दुपारी काचेपाशी निळी शाल दिसली. मी भाऊजींच्या पाठीला उशा लावल्या, त्यांना वळवलं आणि म्हटलं, "आक्का आली बघा." बोलून गेलो, आणि मग ती जवळ आली तेव्हा तिचे डोळे पाहिले. तुझं पत्र तेव्हा फाटकाजवळ उन्हात वाळत होतं.

भाऊजींनी शाल पाहिली, मास्कचं ओळखीचं कापड पाहिलं. त्यांनी चादरीतून दोन्ही हात काढले आणि उघडे गाल झाकून घेतले. लहान मूल चोरी पकडल्यावर झाकतं तसे. मी शिंपिणीकडे बघितलं. काय सांगणार होतो? काचेतून आवाज जात नाही. तिची नजर पोराच्या खाटेकडे होती. पण ती थांबली. तिने भाऊजींकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि तिला कळलं. तिने माझ्यावर मूठ उगारली, अगदी तू उगारतेस तशी. मग भाऊजींना बोट दाखवून दटावलं आणि खांदे हलवून हसली. तू तशीच हसतेस, खांद्याने. इतकी वर्षं भिंतीवरून तुला बघते आहे ती.

मास्कच्या आत वाफ धरली. भाऊजी हसत होते. बऱ्याच वेळाने मला म्हणाले, "कळलं तिला. आता तुझं काही खरं नाही." त्यानंतर ते नीट असं बोलले नाहीत. सव्वीसला दुपारी गेले. एक हात सिस्टरने धरला होता, एक मी.

ती तू नव्हतीस, हे मी त्यांना सांगितलं नाही. आणि त्यांचं भरत आलं आहे, हे तुला सांगितलं नाही.

शिंपिणीचा थोरला सावरतो आहे.

तुझा
धाकटा


दि. १५ फेब्रुवारी

धाकट्यास,

पत्र मिळालं. मी दोन शब्द मागितले होते. दोनच. तू एवढी पानं लिहिलीस.

आता लिहू नकोस.

आक्का


दि. २ मार्च

तीर्थस्वरूप आक्कास साष्टांग नमस्कार.

लिहू नकोस म्हणालीस तरी लिहितो. शिंपिणीचा थोरला आज घरी निघाला आहे, त्याच्याजवळ देतो. वाचावंसं वाटलं नाही तर ठेवून दे.

तुझं पत्र आल्यापासून मी कामावर बोलणं सोडलं. फेस लावायचा, वस्तरा चालवायचा, पुढे जायचं. हात बरोबर चालतो. पण काल कोपऱ्यातल्या मास्तरांना मास्क लावायचा होता. मी मुकाट्याने साबण लावायला लागलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, "न्हावी आहेस की दगड? काहीतरी बोल. तू गप्प राहिलास की मला वाटतं, मी गेलोच आहे आणि हा माझी तयारी करतो आहे."

मी बोललो. काय बोललो ते लिहीत नाही. मास्तर हसले. मास्क बसला. मी बाहेर येऊन भिंतीला टेकून उभा राहिलो, बराच वेळ.

पूर्वी सकाळी डोळे मिटले की भाऊजींसाठी मागायचो. आता काय मागावं सुचत नाही. नुसतं नाव घेतो आणि कामाला लागतो. तुझ्यासाठी काही मागायचा हक्क मला आहे की नाही, ते तू सांग. साथ ओसरते आहे. महिन्याभरात मला सोडतील. तुझ्या दारात येऊ की नको, तेही सांग.

तुझा
धाकटा


दि. ११ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

थोरला पत्र घेऊन दारात उभा राहिला. निम्मा झाला आहे बिचारा, गोंदलेला मोरसुद्धा आक्रसलाय. माझ्या पाया पडला. मी त्याला उठवलं. त्याचा राग येईना, आणि येईना म्हणून मला स्वतःचाच राग आला.

काचेपाशी काय पाहिलं ते सांगायचा शिंपिणीला त्या दिवशी धीर झाला नव्हता. ती इतके दिवस शाल परत द्यायला येत होती आणि मी घेत नव्हते. ती उंबऱ्यावर ठेवायची, मी भिंतीवर टाकायची, ती पुन्हा आणायची. एकदा ओरडून म्हणाली, "मी तरी काय करायचं होतं?" मी म्हटलं, "माझी भेट तू घेतलीस." सगळ्या गल्लीने ऐकलं. कुणी खिडकी उघडली नाही.

परवा मी तिला हाक मारली. म्हटलं, शाल घे, तोंडाला तो मास्क लाव आणि माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर उभी राहा. तिला वाटलं, मला वेड लागलं. पण राहिली. मी आत जमिनीवर अंथरूण घातलं, पाठीला उशा लावल्या आणि यांच्यासारखी आडवी झाले. काचेतून तिच्याकडे पाहिलं.

धाकट्या, मीच दिसले. शाल, मास्क, खांदे, सगळी मी. मला सारखं वाटत होतं की यांनी तापाच्या भरात काहीतरी पाहिलं असेल, चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला माणूस असा कसा चुकेल. पण यांची चूक नव्हती. खालून बघितलं की तीच मी दिसते.

मग मी गाल झाकले. तिने मूठ उगारली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मूठ वर होती. मला हसू आलं. हे गेल्यापासून पहिल्यांदा. ते हसू कधी रडण्यात गेलं ते कळलं नाही.

तुला माफ केलं का, ते विचारू नकोस. काही सकाळी केलेलं असतं, दुपारी नसतं. पण दारात ये. आणि आलास की आधी खरं सांगायचं, सगळं, काही वगळायचं नाही. त्यांना फार त्रास झाला का, हे तू अजून लिहिलेलं नाहीस. ते सांग. मग बडबड कर हवी तेवढी. मास्तरांशी मुकाट राहू नकोस. त्यांचा काय गुन्हा?

तिला जायचं होतं, चुलीवर दूध होतं म्हणे. मी आतून ओरडले, उतू गेलं तर जाऊ दे, अजून थोडी उभी राहा.

ती उभी राहिली.

तुझी
आक्का